कोरडे बूट

साहेबांचे बूट कोरडे राहिले याचा त्या दिवशी आम्हाला केवढा अभिमान वाटला होता.

पौर्णिमा होती आणि बारा वाजायला थोडा वेळ होता. खाडी काठोकाठ भरली होती. धक्क्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीला पाणी लागलं होतं. काशिरामने होडी इतकी अलगद टेकवली की निमकर साहेबांनी नुसता पाय उचलून पुढे ठेवला. काळे बूट, नुकतेच पॉलिश केलेले, एक थेंब नाही लागला. त्यांच्या मागून शिपाई उतरला. त्याच्या हातात बर्फाची पेटी होती आणि पेटीत रिकाम्या बाटल्या. सगळी वाडी धक्क्यावर गोळा झाली होती.

"मला तर ऑफिसात सांगितलं होतं, खारशेतला जायचं म्हणजे मांडीएवढा चिखल तुडवावा लागतो," साहेब म्हणाले.

"पाहुन्याला आमी चिखलात उतरवत नाय, साहेब," काशिराम म्हणाला. तो आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. "वैनीनं बरोबर टायम काढून पत्र धाडलं तुमाला."

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "अर्ज तुम्हीच लिहिता का सगळे? अक्षर छान आहे."

मी नुसती हसले. खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

खारशेत म्हणजे खाडीकाठची साठ घरांची भोयांची वाडी. रस्ता पलीकडच्या तीराला संपतो, पुढे होडी. वाडीत बारावी झालेली मी एकटी. बालवाडी चालवायची आणि उरलेल्या वेळात गावाचे अर्ज लिहायचे. सहा वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आले आणि त्यांचा पाइप खाडीत सुटला. पहिल्या वर्षी कालवं मेली. मग चिंबोऱ्या दिसेनाशा झाल्या. मग बोय मासा पोट वर करून तरंगायला लागला, आणि पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पिंढऱ्यांवर फोड उठायला लागले. मी एकतीस अर्ज लिहिले तेव्हा कुठे वरून हुकूम निघाला: खाडीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा. नमुन्यात विष निघालं तर पाइप बंद. नाही निघालं तर तक्रार निकाली. सगळं त्या चार बाटल्यांवर येऊन ठेपलं होतं, हे धक्क्यावरच्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक होतं.

आधी एकदा असाच एक साहेब येऊन गेला होता. न सांगता आला, नेमका सुकतीला, म्हणजे खाडीतलं पाणी उतरलेलं असताना. होडी चिखलात बसली, तो उतरून चालायला गेला आणि मांड्यांपर्यंत रुतला. दोन बायकांनी काखेत हात घालून त्याला ओढून काढला. एक बूट आतच राहिला. आमची माणसं दात काढून हसली, आणि त्याने ऑफिसात जाऊन लिहून टाकलं की सदर जागी पोहोचता येत नाही. त्या एका वाक्यात आमची दोन वर्षं गेली. म्हणून या वेळी मी ठरवलं होतं की साहेबाच्या बुटाला चिखल लागू द्यायचा नाही.

तशी आमच्याकडची रीतच आहे. पाहुणा आणायचा तो भरतीला. नवरी तर भरतीशिवाय धक्क्याला लागतच नाही. माझ्या लग्नात वरातीला उशीर झाला, पाणी उतरलं, आणि मी शालू नेसून चार तास पलीकडच्या तीरावर दगडावर बसले होते. भूक लागलेली, डोक्यावर ऊन. तेव्हापासून या गावावर माझा जो राग आहे तो कधी पुरता गेला नाही. सासरच्यांना तो माहीत होता. माझं तोंड वाईट म्हणून मी सगळ्या वाडीत प्रसिद्ध होते.

काशिरामने होडी मध्ये नेली. साहेबांनी वाकून स्वतःच्या हाताने बाटली भरली आणि उन्हात धरली. पाणी हिरवंगार, आरपार दिसणारं.

"स्वच्छ दिसतंय की," ते म्हणाले.

"दिसतं हो. मासे मरतात त्याचं काय?" मी म्हटलं.

"ते प्रयोगशाळा सांगेल, बाई. मी फक्त बाटली भरतो."

चारही बाटल्यांना लाखेचं सील लागलं. धक्क्यावर येऊन पंचनामा झाला. पंच म्हणून गावातली दोन माणसं लागतात. एक काशिराम, त्याने सही केली. दुसरे भागोजी आबा. ते माझे चुलत सासरे, वाडीतले सगळ्यांत जुने भोई. त्यांनी अंगठा उठवला. आबांना अक्षरओळख नव्हती, पण तिथी सांगा, की ते भरती कधी, सुकती कधी, मिनिटाचाही हिशोब न चुकता सांगायचे. साहेबांना बोलवायची वेळही मी त्यांनाच विचारली होती.

अंगठ्याची शाई धोतराच्या सोग्याला पुसत आबा माझ्याजवळ आले. "जेवून लगेच जानार काय हे? संध्याकाळपातूर थांबले असते तर..."

"आबा, त्यांना इतर कामं असतात," मी म्हटलं आणि पानं वाढायला गेले.

जेवायला सुरमई होती. तालुक्याच्या बाजारातून विकत आणलेली. भोयांच्या पंगतीला विकतची सुरमई, कारण आमच्या खाडीतल्या माशाला रॉकेलचा वास यायचा. साहेबांनी दोनदा मागून घेतली. "ताज्या मासळीची चवच वेगळी," म्हणाले. काशिरामने त्यांच्या पानात आणखी एक तुकडी वाढली. अडीचला काशिरामने त्यांना पलीकडे सोडलं. तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, पण बूट तेव्हाही कोरडेच राहिले.

साडेपाचला धक्क्यावरून हाका ऐकू आल्या. मी हातातलं टाकून धावले.

खाडी रिकामी झाली होती. मधोमध पाण्याचा एक पट्टा उरला होता आणि तो काळा होता, कडेला पिवळा फेस. वास असा की नाकाला पदर लावूनही डोळ्यांतून पाणी यायचं. बोय माशांचा एक आख्खा थवा चिखलावर पडून तोंडं उघडत-मिटत होता. हे आम्ही शंभरदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी कोणी धक्क्यावरून हललं नाही, कारण दुपारचं हिरवं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

माझा नवरा सुधाकर पहिला बोलला. "दुपारी भरतीचं पानी व्हतं. समुद्राचं. साहेबानं समुद्राचं पानी भरून नेलं."

हे आमच्यातल्या कुणालाही आधी कळायला हवं होतं. भोयाला भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागत नाही. भरतीला समुद्र आत येतो, पाइपाचं पाणी मागे रेटतो, त्यात मिसळून ते पातळ करतो. ओहोटीला सगळं विष एकवटून खाली उतरतं. तान्हं पोरसुद्धा हे जाणतं. पण पाहुणा म्हटला की भरती, हे अंगात इतकं मुरलेलं की साठ घरांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

"टायम कुनी दिला?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आबांनी."

दिवेलागणीला वाघजाईच्या देवळाच्या अंगणात गावकी बसली. पुरुष ओट्यावर, बायका खाली. आबा पायरीशी एकटे उभे होते, त्यांचा मुलगा आणि सून आले नव्हते. काशिरामचा आवाज चढला होता.

"सत्तर वर्सं खाडीत काढली तुमी. पुनवेला बाराला पानी चोख असतं ह्ये तुमाला ठावं नव्हतं?"

"ठावं व्हतं," आबा म्हणाले.

"मग बोलला का नाय?"

आबा अंगठ्यावरची शाई चोळत राहिले.

"तुमचा दत्ता कारखान्यात वॉचमन लागलाय, सहा म्हैने झाले," काशिराम म्हणाला. "फुकट लागला का? का बापानं कायतरी कबूल केलं व्हतं?"

अंगणात कुजबुज उठली. दत्ताला नोकरी लागली तेव्हा पेढे सगळ्यांनी खाल्ले होते. ते आता सगळ्यांच्या घशात अडकले.

"वैनी, तू सांग," काशिराम माझ्याकडे वळला. "तू टायम कुनाला इचारलास?"

मी उभी राहिले. ते रागाने की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही. एकतीस अर्ज मी लिहिले होते. चिमणीच्या उजेडात, पोर मांडीवर घेऊन, सासूची बोलणी खात लिहिले होते. आणि सगळं चार बाटल्यांत वाहून गेलं होतं. कुणावर तरी ते फुटणारच होतं.

"आबांना विचारला," मी म्हटलं. "त्यांच्यावर विश्वास ठेवला. वाटलं, घरचा म्हातारा माणूस, सगळ्या गावाचं वाटोळं करणार नाही. आम्ही विकतची सुरमई वाढून साहेबाला समुद्राचं पाणी देऊन पाठवलं. सगळ्या तालुक्यात हसं होणार आमचं. आणि यांनी त्याच्यावर अंगठा दिला."

आबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिनं इचारलं तेवडं मी सांगितलं."

"बघा, वर तोंड करून बोलतोय," कोणीतरी ओरडलं. बायकांतूनही शिव्या आल्या. त्या वाक्याचा अर्थ तिथे दोनच माणसांना कळला होता. मी खाली बसले.

गावकीने आबांना वाळीत टाकलं. त्यांची होडी ओढायला कोणी हात लावायचा नाही, जाळ्याची पाळी द्यायची नाही, लग्नाला-बारशाला बोलवायचं नाही, बोलायचं नाही. सुधाकरने चुलत्याच्या विरुद्ध हात वर केला. मीही केला.

सकाळी सहाला पुन्हा सुकती होती. मला झोप आली नव्हती. मी पाणी आणायचं निमित्त करून कळशी घेतली आणि खाडीच्या वरच्या अंगाला गेले. आबा तिथे बांधाखाली गुडघाभर चिखलात उभे होते. एकटेच होडी चिखलातून पाण्याकडे ढकलत होते. होडी हात-दोन हात सरकायची आणि बसायची.

"आलीस?" मागे न बघता ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी म्हटलं. "काल अंगणात. सगळ्यांसमोर का नाही सांगितलं?"

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

त्यांनी होडीला पाठ टेकली आणि दम खाल्ला. "मग तूच सांग. मला ऐकायचं हाय तुज्या तोंडानं."

तिथे कोणी नव्हतं. तरी मला ते बोलायला जमेना. पंधरा दिवसांपूर्वी ऑफिसचं पत्र आलं होतं, सोयीची वेळ कळवा म्हणून. मी ते हातात नाचवत आबांच्या ओट्यावर गेले होते. ते जाळं शिवत बसले होते. मी म्हटलं होतं, आबा, साहेबाला पाय न भिजवता धक्क्याला उतरता येईल अशी वेळ सांगा. त्यांनी सुई थांबवली. म्हणाले, "साहेब पानी बघाया येतो का धक्का बघाया? पानी बघायचं तर..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मला टपाल गाठायचं होतं, आणि हा म्हातारा आता तिथीपासून सुरुवात करणार असं वाटून मी वैतागले होते. मी म्हटलं, "आबा, तुम्हाला विचारलं तेवढं सांगा." आत त्यांची सून चूल पेटवत होती, दत्ता दारात उभा होता. दोघांनी ऐकलं. सून पदर तोंडाला लावून हसली. आबांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली आणि म्हणाले, "पुनवेला. बाराच्या आत."

"मी तुम्हाला बोलू दिलं नाही," शेवटी मी म्हटलं.

"व्हय."

"मग म्हणून तुम्ही सूड उगवलात? सगळ्या खाडीचं नुकसान करून?"

"पयला दिवस राग व्हता," ते म्हणाले. "खोटं नाय बोलत. पोरासमोर तू माजं तोंड बंद केलंस, मला लागलं. मनात म्हटलं, मर. दोन दिवसानी राग गेला. मग तुज्या दारात आलो सांगाया. तू म्हनालीस, पत्र गेलं, आता बदलाया नगं, साहेब पुन्ना यायचा नाय. आठवतं काय?"

आठवत होतं. ते आले होते, दाराशी उभे होते आणि मी त्यांना आतसुद्धा घेतलं नव्हतं. काय सांगायचंय ते विचारलं नव्हतं. वेळेबद्दल काहीतरी कुरकुर असेल असं समजून मीच बोलून टाकलं होतं.

"तरी जोर लावून सांगायचं होतं," मी म्हटलं. "ओरडायचं होतं माझ्यावर."

"व्हय. ती माजी चूक. म्हाताऱ्याचा अभिमान." ते थुंकले. "म्हनून मी अंगठा दिला आनि म्हनून मी काल गप बसलो. पन तेवड्यासाठीच नाय."

"मग?"

"आता ह्या वाडीत अर्ज कोन लिवनार? काशिराम? त्याला सही सोडून काय येत नाय. सुधाकर? तालुक्याच्या हापिसात कुटल्या दारानं शिरायचं ते कुनाला ठावं हाय? तुला एकलीला. दत्ताला आनि त्याच्या बायकोलाबी मी गप ऱ्हा सांगितलंय. काल मी बोललो असतो तर त्यांनी तुला फाडून खाल्ली असती. मग तू पुन्ना लेखनी धरली असतीस? आनि धरली असतीस तरी गावानं त्याच्यावर अंगठे दिले असते?" त्यांनी होडीवर हात आपटला. "म्हातारा गेला तर गावाचं काय अडत नाय. तुजं अडतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडवट झाला.

"रडू नको. तुज्यावर माया हाय म्हनून नाय केलं. तू मला कदी आवडली नाहीस. पयल्या दिवसापासून नाय. दगडावर बसून सगळ्या गावाला शिव्या घालत व्हतीस, मी ऐकलंय. खाडीसाठी केलं." मग त्यांनी बोट दाखवलं, पाणी कुठून येतं तिकडे, चिखलातून वर आलेल्या खडकाकडे. "नीट ऐक आता. पुनव नायतर अवस. दुपारी नाय, संध्याकाळी साडेपाच. आनि धक्क्यावर नाय, हितं, ह्या खडपाजवळ. पाइपाचं पानी हितनं येतं, कशात मिसळायच्या आदी. पत्रात लिव. आनि साहेबाला सांग, चिखलात उतरावं लागंल."

"लिहीन," मी म्हटलं.

"जा आता. कुनी बघंल."

मी वळले. चार पावलांवर मागे होडी पुन्हा खरखरली. मला माहीत होतं की मी कळशी खाली ठेवून होडीला खांदा लावायला हवा. मी कळशी घट्ट धरली आणि चालत राहिले.

घरी आले तर ओसरीवर काशिराम बसलेला. सुधाकरही. कोणीतरी मला बांधाकडे जाताना पाहिलं होतं.

"तू त्याच्याकडे गेली व्हतीस?" सुधाकरने विचारलं. "काय म्हनाला?"

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. आबांनी तेवढंच मागितलं होतं. किंवा म्हणता आलं असतं, काही बोलले नाहीत, शिव्या दिल्या. पण त्या माणसाने मला आयुष्यभराच्या उपकाराखाली दाबलं होतं आणि वर तोंडावर सांगितलं होतं की तू मला आवडत नाहीस. मला त्याचा भयंकर राग आला होता. चूक माझी होती म्हणून तो राग आणखीच वाढला होता.

"कबूल झाले," मी म्हटलं.

काशिरामने मांडीवर थाप मारली. सुधाकर खाली मान घालून बसला. तासाभरात ते वाडीभर झालं. आठ दिवसांनी दत्ता बायकोला घेऊन कारखान्याच्या चाळीत राहायला गेला. आबा गेले नाहीत.

महिन्याने ऑफिसचं उत्तर आलं. पाणी मर्यादेत आहे, तक्रार निकाली. मी पुन्हा लिहायला लागले. आता अर्जांवर अंगठे भराभर मिळायचे, कारण आमच्यातला फितूर सापडला आहे आणि बाई खरी आहे, असं गावाला वाटत होतं. दोन वर्षं गेली. तेव्हा कुठे दुसऱ्या नमुन्याचा हुकूम निघाला. तो नमुना नापास झाला आणि पाइप बंद झाला. गावाने माझा सत्कार केला, शाल दिली. पुढे त्यांनी तोच पाइप लांबवून खाडीच्या मुखाबाहेर समुद्रात सोडला. आता तिथे बाहेर काय मरतं ते मोजायला कोणाची होडी जात नाही, आणि समुद्र असा तापलाय की जिवंत असेल तोही मासा काठाला येत नाही. ते सगळं आहेच. पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या नमुन्याच्या संध्याकाळचं.

अमावस्या होती, वेळ साडेपाच. पत्रात मी जागा लिहिली होती, खडप लिहिलं होतं, चिखल लिहिला होता. पुन्हा निमकर साहेबच आले. काशिरामने होडी वर नेली आणि खडपाच्या शंभर हात अलीकडे ती बसली. पुढे होडीपुरतंही पाणी नव्हतं. नुसता चिखल आणि त्याच्यापलीकडे काळी धार.

काशिरामने एक पाय बाहेर टाकला, तो कमरेपर्यंत गेला आणि त्याला आम्ही ओढून आत घेतला. वरच्या अंगाचा चिखल आमच्यातल्या कोणाच्याच ओळखीचा नव्हता. जो तिथे रोज जायचा त्याच्याशी दोन वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

"पुन्हा कधीतरी येऊ का?" साहेब म्हणाले. काळोख व्हायला तास होता. पुन्हा कधीतरी म्हणजे आणखी दोन वर्षं, हे मला कळत होतं.

तेव्हा बांधावरून आबा उतरले. खांद्यावर दोन फळ्या. कोणी बोलावलं नव्हतं. ते आमच्याकडे बघत नव्हते. एक फळी चिखलावर टाकायचे, तिच्यावरून पुढे यायचे, दुसरी टाकायचे. फार म्हातारे झाले होते. होडीला येऊन टेकले आणि साहेबांना म्हणाले, "बूट काडा."

साहेबांनी बूट काढले. पँट गुडघ्यांवर दुमडली. फळीवरून फळीवर आबांनी त्यांना खडपापर्यंत नेलं. शेवटच्या ठिकाणी फळी टिकेना, तेव्हा आबा स्वतः कमरेएवढ्या काळ्या पाण्यात उतरले आणि साहेबांचा एक हात खांद्यावर घेऊन उभे राहिले. साहेबांनी वाकून बाटल्या भरल्या. दोनदा त्यांना उलटी आली. आबा हलले नाहीत. आम्ही होडीत बसून बघत होतो.

परत आल्यावर शिपायाने पंचनाम्याचा कागद माझ्या हातात दिला. "बाई, अक्षर तुमचं चांगलं आहे. तुम्हीच भरा. पंचांची नावं दोन." साहेब पाय पुसत म्हणाले, "या बाबांचं घाला की. हेच तर होते तिथे. नाव काय यांचं?"

काशिराम माझ्याकडे बघत होता. सुधाकर बघत होता.

"त्यांचं चालणार नाही," मी म्हटलं. "गावातली जबाबदार माणसं लागतात." मी एक नाव काशिरामचं लिहिलं आणि दुसरं माझ्या नवऱ्याचं. दोघांनी सह्या केल्या. दोघांपैकी एकानेही ते पाणी जवळून पाहिलं नव्हतं.

आबा होडीच्या कडेला चिखलात उभे होते. मी काय लिहिते ते त्यांना वाचता येत नव्हतं. फोडांनी त्यांचे दोन्ही पाय लाल झाले होते. मी टोपण लावल्यावर त्यांनी मला विचारलं, "भरलास कागद?"

दोन वर्षांनी ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. लोक बघत होते. मी नुसती मान हलवली.

"टायम लिवलास? साडेपाच?"

मी पुन्हा मान हलवली.

"मग झालं," ते म्हणाले. फळ्या खांद्यावर घेतल्या आणि चिखलातून परत बांधाकडे गेले.